स्वादुपिंडाचा कर्करोग : ऑपरेशनआधी सोनोग्राफी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ बऱ्याचदा असते : ‘पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. म्हणजे आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. त्याच रिपोर्टच्या शेवटी ‘विशेष दोष आढळला नाही’ असंही लिहिलेलं असतं आणि घरातले सगळे तेवढंच वाचून निर्धास्त होतात. या दोन ओळी एकत्र वाचायला हव्यात. जो अवयव दिसलाच नाही, त्याच्याबद्दल तो रिपोर्ट काहीच म्हणत नाही. एरवी यानं फारसं बिघडत नाही. पण न दुखता चढत गेलेली कावीळ, कारण नसताना घटलेलं वजन, पाठीत जाणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह, यांतलं काही असेल तर ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून विषय मिटवू नये.

इथे मला त्यापुढच्या टप्प्याबद्दल लिहायचं आहे. गाठीचा दाट संशय आला आहे किंवा निदान झालं आहे, आणि आता ऑपरेशन करायचं का, लगेच करायचं की आधी केमोथेरपी द्यायची, हे ठरवायचं आहे. या निर्णयात अल्ट्रासाऊंड, म्हणजे सोनोग्राफीच, तीन वेगवेगळ्या जागांवरून मदत करतो : पोटावरून, जठराच्या आतून आणि ऑपरेशनच्या टेबलावर थेट अवयवावरून. यंत्राचं तत्त्व तिन्हीकडे एकच आहे. फरक पडतो तो प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारं यंत्राचं टोक, स्वादुपिंडाच्या किती जवळ नेता आला, यानं.

गाठीचा आकार हा पहिला प्रश्न नाही

स्वादुपिंड साधारण १५ सेंटिमीटर लांब असतं आणि जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पसरलेलं असतं. उजवीकडच्या जाड भागाला डोकं म्हणतात. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ड्युओडेनम, या डोक्याला वळसा घालून जातो आणि यकृताकडून येणारी पित्तनलिका याच डोक्यातून खाली उतरते. डावीकडचं निमुळतं शेपूट प्लीहेपर्यंत पोचतं. बहुतेक गाठी डोक्यात होतात.

खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. स्वादुपिंडाच्या मानेमागूनच, म्हणजे डोक्यालगतच्या अरुंद भागामागून, आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर जाते. खाली तिला सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन म्हणतात, वर तीच पोर्टल व्हेन होते. तिच्या डाव्या बाजूला आतड्यांना रक्त पुरवणारी सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी असते. थोडं वर सीलिअॅक धमनी आणि तिची यकृताकडे जाणारी शाखा. त्यामुळे सर्जनचा पहिला प्रश्न ‘गाठ केवढी आहे’ हा नसतो. ती कुठल्या रक्तवाहिनीला टेकली आहे आणि तिच्या घेराचा किती भाग धरून आहे, हे त्याला आधी कळायला हवं. दोन सेंटिमीटरची गाठ धमनीला गुंडाळून बसली असेल तर ती चार सेंटिमीटरच्या सुट्या गाठीपेक्षा अवघड ठरते.

याच प्रश्नावरून रुग्णांचे गट पडतात. धमन्या मोकळ्या आहेत, शिरेलाही गाठ टेकलेली नाही किंवा जेमतेम टेकली आहे आणि रोग लांब कुठे पसरलेला नाही, तर गाठ थेट काढता येण्याजोगी. धमनीच्या घेराला स्पर्श आहे पण तो अर्ध्यापर्यंत, म्हणजे १८० अंशांपर्यंतच आहे, किंवा शीर जास्त गुंतली आहे पण कापून पुन्हा जोडता येईल, तर ती सीमारेषेवरची. अशांना बहुधा आधी केमोथेरपी दिली जाते. धमनी अर्ध्याहून अधिक वेढलेली असेल तर स्थानिक पातळीवर पुढे गेलेला रोग. आणि यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या आतल्या अस्तरावर ठिपके असतील तर चौथी अवस्था, तिथे गाठ काढून उपयोग होत नाही. निदानाच्या वेळी थेट ऑपरेशनच्या स्थितीत असलेले रुग्ण साधारण १५ ते २० टक्केच असतात.

हे इतकं काटेकोर का पाहायचं? डोक्यातल्या गाठीसाठी करतात ते व्हिपल ऑपरेशन पोटाच्या सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. अमेरिकी सर्जन अॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते मांडलं म्हणून त्यांचं नाव. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा काही भाग काढून उरलेलं सगळं आतड्याला नव्यानं जोडतात. इतकं करून धमनीवर रोग शिल्लक राहिला, तर रुग्णाला ऑपरेशनचा पूर्ण त्रास होतो आणि फायदा मिळत नाही. शिवाय त्यातून सावरेपर्यंत केमोथेरपीही लांबते.

पोटावरून : सुरुवात इथूनच होते

ध्वनिलहरी मऊ ऊतींमधून आणि द्रवातून सहज जातात, पण हवा लागली की जवळजवळ सगळ्याच परत फिरतात. स्वादुपिंडाच्या पुढ्यात जठर आणि मोठं आतडं, दोन्हींत हवा. त्यात पोटावरून इतक्या खोल पोचायचं तर कमी वारंवारतेच्या, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापराव्या लागतात. वारंवारता कमी असली की लहर खोल जाते, पण बारकावे पुसट होतात. पोटावर चरबी जास्त असेल तर आणखी कठीण.

म्हणून उपाशीपोटी बोलावतात. चांगला रेडिओलॉजिस्ट एवढ्यावर थांबत नाही. तो श्वास रोखायला सांगतो, कुशीवर वळवतो, उठून बसवतो, प्रोब दाबून आतडं बाजूला सारतो. कधी पाणी प्यायला देतो, कारण पाण्यानं भरलेलं जठर हवेसारखं आड येत नाही, उलट त्यातून मागचं दिसतं. यातलं काय केलं हे रिपोर्टमध्ये येत नाही, पण तपासणीचा दर्जा त्यावरच ठरतो.

गाठ स्वतः दिसली नाही तरी तिची खूण दिसू शकते. कालव्यात बांध पडला की वरच्या बाजूला पाणी तुंबतं, तसं डोक्यातल्या गाठीमुळे दोन्ही नळ्या तुंबतात. पित्तनलिका एरवी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते आणि स्वादुपिंडाची मुख्य नळी डोक्यात ३ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही एकाच वेळी फुगलेल्या दिसल्या तर अडथळा त्यांच्या संगमाजवळ, म्हणजे डोक्याच्या भागात असण्याची शक्यता मोठी. काविळीबरोबर पित्ताशय ताठ फुगलेलं पण दुखत नाही, हीसुद्धा जुनी, मोलाची खूण. स्विस सर्जन कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये तिची नोंद केली. खड्यांनी वारंवार सुजून आक्रसलेलं पित्ताशय सहसा असं फुगत नाही, त्यामुळे अडथळ्याचं कारण दुसरंच असावं असा संशय येतो.

यकृतातले मोठे ठिपके आणि पोटात साचलेलं पाणी याच तपासणीत सापडतं. अशा ठिपक्याचा तुकडा सोनोग्राफीखाली सुईनं काढता येतो आणि त्यात कर्करोग दिसला तर मोठ्या ऑपरेशनचा प्रश्न तिथेच निकाली निघतो. डॉपलर लावला की शिरांतला प्रवाहही रंगात दिसतो. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे का, हे कळतं. पण लहान गाठ, शेपटातली गाठ, धमनीशी असलेला नेमका संबंध यांवर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीच्या भरवशावर निर्णय घेऊ नये, असं मला अगदी ठामपणे सांगावंसं वाटतं.

मधला टप्पा : सीटी, आणि तोही स्टेंटच्या आधी

ऑपरेशनचा नकाशा काढतो तो सीटी स्कॅन. नेहमीचा नव्हे, स्वादुपिंडासाठी खास आखलेला : शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) दिल्यावर ठरावीक सेकंदांनी दोन वेळा पातळ काप घेतात, एकदा धमन्या आणि स्वादुपिंड उजळलेलं असताना, एकदा शिरा आणि यकृत उजळलेलं असताना. गाठीचा धमनीशी कोन, यकृताची धमनी भलत्याच ठिकाणाहून निघाली आहे का, फुप्फुसं साफ आहेत का, हे सगळं त्यातूनच कळतं. अल्ट्रासाऊंडनं त्याची जागा घ्यायची नसते.

क्रम मात्र सांभाळायला हवा. कावीळ वाढली की घाई होते आणि एंडोस्कोपीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकून घेतला जातो. मग सीटी होतो. तोवर स्टेंटमुळे आजूबाजूच्या प्रतिमेत अडथळे आलेले असतात, आणि त्या प्रक्रियेनं स्वादुपिंडाला सूज आली असेल तर गाठ कुठली आणि सूज कुठली, हे सीटीतही सांगता येत नाही आणि जठरातून केलेल्या अल्ट्रासाऊंडमध्येही. शक्य असेल तिथे आधी चित्रं, मग स्टेंट. स्टेंट प्रत्येकाला लागतोच असंही नाही. नेदरलँड्समधल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काविळीसह थेट लवकर ऑपरेशन केलेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के होती आणि आधी सरसकट स्टेंट टाकलेल्यांत ७४ टक्के. तेव्हाचे स्टेंट प्लास्टिकचे होते, आताचे धातूचे अधिक काळ मोकळे राहतात. पित्तात जंतुसंसर्ग, फार चढलेलं बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल तर स्टेंट हवाच. फक्त तो सवय म्हणून टाकलेला नसावा.

जठराच्या आतून : एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड

स्वादुपिंड पोटावरून नीट दिसत नाही, ही अडचण जुनी. ध्वनियंत्रच एंडोस्कोपच्या टोकाला बसवून आत न्यायचं, ही कल्पना १९८० च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्षात आणली. रोजच्या बोलण्यात याला ईयूएस म्हणतात.

रुग्णाला झोपेचं औषध देऊन डाव्या कुशीवर निजवतात. तोंडातून गेलेलं टोक जठरात पोचलं की तिथल्या भिंतीला लावून स्वादुपिंडाचा मधला भाग आणि शेपूट पाहतात. मग ड्युओडेनममध्ये उतरवून डोकं. आता प्रोब आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये उरली फक्त जठराची किंवा आतड्याची पातळ भिंत. खोल जायचं नसल्यानं जास्त वारंवारतेच्या लहरी चालतात, साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झ, आणि काही मिलिमीटरचे बदलही दिसू लागतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत ईयूएस सीटीपेक्षा सरस ठरतो. काही गाठी सीटीत भोवतालच्या स्वादुपिंडाच्याच छटेच्या दिसतात. नळी मध्येच तुटल्यासारखी वाटते पण गाठ सापडत नाही. अशा वेळी ईयूएस करायलाच हवा.

पडद्यावर काय पाहतात ते जरा जवळून पाहू. रक्त काळं दिसतं, म्हणून शीर म्हणजे काळा पट्टा. गाठसुद्धा काळपट, पण कडा वेड्यावाकड्या. निरोगी स्थितीत या दोन काळ्यांच्या मध्ये एक पांढरी, चमकदार, सलग रेघ असते; ती शिरेची भिंत आणि तिच्याभोवतीची चरबी. रेघ अखंड असेल तर गाठ शेजारी आहे, एवढंच. रेघ एका जागी पुसली गेली असेल तर गाठ भिंतीला चिकटलेली असू शकते. पट्टा तिथेच चेपलेला किंवा खडबडीत दिसला, आत काळपट ऊती शिरलेली दिसली, किंवा रक्तानं दुसरीकडून वाट काढल्यामुळे आजूबाजूला वेड्यावाकड्या नव्या शिरा दिसल्या, तर शीर गुंतली आहे. डॉक्टर टोक किंचित हलवून शीर आणि गाठ एकमेकींवरून सरकतात का, हेही बघतात. रिपोर्टमध्ये याचं एक वाक्य होतं, पण त्यावर शीर कापून जोडायची तयारी ठेवायची का, हे ठरतं.

मर्यादा इथेही आहेत. पोर्टल व्हेनच्या संगमाशी ईयूएस उत्तम. सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरीच्या बाबतीत, विशेषतः गाठ मोठी असेल तर, सीटी जास्त विश्वासार्ह. यकृताचा डावा भाग दिसतो, उजव्याचा बराचसा नाही. फुप्फुसांचा तर प्रश्नच नाही. आणि ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. ती नेहमी करणाऱ्या केंद्रात करून घ्यावी.

सुई कधी हवी, कधी नको

ईयूएसचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे सुई. पडद्यावर पाहत, डॉपलरनं रक्तवाहिन्या चुकवत, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून बारीक सुई गाठीत घालून पेशी किंवा ऊतीचा धागा काढतात. स्वादुपिंडातून अशा रीतीनं पहिल्यांदा नमुना घेतल्याची नोंद १९९२ मधली, डेन्मार्कमधली.

‘बायोप्सीशिवाय ऑपरेशन कसं काय?’ असं नातेवाईक विचारतात आणि ते साहजिक आहे. चित्र अगदी ठळक कर्करोगाचं असेल, गाठ थेट काढता येण्याजोगी असेल, तर सुईची सक्ती नसते. कारण सुईत काही सापडलं नाही तरी निर्णय बदलणार नाही. पण आधी केमोथेरपी द्यायची असेल तर पुरावा लागतोच. चित्राबद्दल शंका असेल तरीही लागतो. ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस नावाची सूज हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते आणि ती स्टिरॉइडनं ओसरते; तिच्यासाठी व्हिपल होणं टाळायलाच हवं. जुनाट सूज, क्षयाची गाठ, लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग), न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) यांचेही उपचार निरनिराळे. हल्ली नमुना पुरेसा मिळाला तर त्यातून जनुकीय तपासण्याही होतात आणि कुठली केमो निवडायची याला मदत होते.

‘बायोप्सी निगेटिव्ह’ आली की आशा वाटते, म्हणून हे स्पष्ट लिहितो : या गाठीत बराचसा भाग घट्ट तंतुमय ऊतीचा असतो आणि कर्करोगाच्या पेशी त्यात विखुरलेल्या असतात. सुईला तंतूच लागले तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. दहातल्या एखाद-दुसऱ्या कर्करोगात असं घडतं. संशय कायम असेल तर तपासणी पुन्हा करतात. उलट, सुईत कर्करोग दिसला तर तो खोटा निघणं फार दुर्मीळ.

सुईनं रोग पसरतो का? डोक्यातल्या गाठीत सुई ड्युओडेनममधून जाते आणि तो भाग व्हिपलमध्ये निघूनच जातो. शेपटातल्या गाठीत ती जठरातून जाते आणि जठर शिल्लक राहतं. तिथे सुईच्या वाटेवर गाठ उगवल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्या. शेपटातली गाठ थेट काढता येण्याजोगी असताना सुई लावण्याआधी सर्जन दोनदा विचार करतात तो यामुळे.

तयारी साधी आहे : उपाशी राहणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं आधीच सांगणं, काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो म्हणून ती चाचणी करून घेणं. नंतर पोटात वाढत जाणारी कळ, ताप किंवा काळी शौच झाली तर तडक दवाखाना. स्वादुपिंडाला सूज येणं, रक्तस्राव, भिंतीला छिद्र या गोष्टी क्वचित घडतात, पण घडतात.

ईयूएसबरोबर आणखी दोन तंत्रं वापरतात. एकात शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते रक्ताबरोबर फिरतात, श्वासावाटे निघून जातात आणि मूत्रपिंडांवर भार टाकत नाहीत. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग रक्तानं गरीब असल्यानं काळपटच राहतो, न्यूरोएंडोक्राइन गाठ उजळते. दुसरं इलास्टोग्राफी, ऊती किती कडक आहे ते मोजणारं. दोन्ही पूरक आहेत. फक्त त्यांवर कर्करोग आहे किंवा नाही असं ठरवत नाहीत.

केमोनंतर चित्र फसवं होतं

केमोथेरपी झाल्यावर पुन्हा तपासण्या होतात तेव्हा रक्तवाहिनीभोवतीचा काळपट वेढा बऱ्याचदा तसाच दिसतो. तो जिवंत रोग आहे की मेलेल्या रोगाजागी उरलेला वण, हे सीटी सांगू शकत नाही आणि ईयूएसही नाही. ‘गाठ कमी झाली नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. रोग वाढलेला नाही, सीए १९-९ ही रक्तातली खूण चांगली उतरली आहे आणि रुग्णाची तब्येत साथ देते आहे, तर अनुभवी सर्जन पोट उघडून प्रत्यक्ष पाहण्याचा निर्णय घेतात.

टेबलावर : प्रोब थेट अवयवावर

सगळ्या तपासण्या साफ असूनही काही रुग्णांत यकृताच्या पृष्ठभागावर किंवा पोटाच्या अस्तरावर मोहरीएवढे दाणे असतात, कुठल्याही स्कॅनच्या पकडीत न येणारे. सीए १९-९ फार वाढलेलं असेल, गाठ मोठी किंवा शेपटात असेल, तर आधी दुर्बिणीतून पोट पाहण्याची पद्धत आहे. दुर्बीण पृष्ठभाग दाखवते. यकृताच्या आत काय आहे यासाठी त्याच छिद्रातून बारीक अल्ट्रासाऊंड प्रोब घालून यकृतावर फिरवतात. इथे मध्ये हवा नाही, चरबी नाही, कातडी नाही. पोट उघडल्यानंतरही हाच प्रोब स्वादुपिंडावर ठेवून गाठीची कड, मुख्य नळी आणि रक्तवाहिनी यांच्यातलं अंतर पाहता येतं आणि कुठून कापायचं ते ठरतं.

संशयास्पद दाणा सापडला तर त्याचा तुकडा तिथूनच पॅथॉलॉजिस्टकडे जातो; फ्रोझन सेक्शनचं, म्हणजे तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीचं, उत्तर ऑपरेशन चालू असतानाच येतं. कर्करोग निघाला तर व्हिपल करत नाहीत. पण कावीळ आणि आतड्याचा अडथळा यांची सोय करावीच लागते : बायपास जोडून किंवा नंतर स्टेंट टाकून. संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला हे विचारून घ्या : आत पसरलेला रोग दिसला तर तुम्ही काय कराल, त्यातलं काय त्याच वेळी कराल, आणि केमोथेरपी किती दिवसांनी सुरू होईल?